सहा महिन्यांचा फोटो

ओस्कू, तो मोबाइल पालथा घाल. त्याचा उजेड डोळ्यांवर येतोय, आणि ही गोष्ट उजेडात सांगायची नाही. मेणबत्ती राहू दे. इडा, दार नीट लागलंय का बघ. नसेल लागलं तरी आता उठू नकोस, बस.

भुताची गोष्ट सांगा म्हणालात. मला भुताच्या गोष्टी येत नाहीत, मला तार्मोची गोष्ट येते. तळ्याच्या पलीकडच्या काठाला लाल घर आहे ना, ज्याच्या परसात तुम्ही लहानपणी स्ट्रॉबेऱ्या चोरायचात, तो तार्मो. चांगला धडधाकट आहे अजून. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा, पण तो तोंड उघडायचा नाही. मला त्याने एकदाच सांगितलं, आणि त्यातलं थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तार्मोने जन्मभर शाळेतल्या पोरांना सुतारकाम शिकवलं. निवृत्त झाला आणि हात रिकामे पडले. मग लागला कॅमेऱ्यांचा नाद. नाद म्हणजे किती, तर घरात ताटल्या कमी आणि कॅमेरे जास्त. जुन्या बाजारातून भात्याचे लाकडी कॅमेरे आणायचे, त्यांची भिंगं काढून नव्या डिजिटल कॅमेऱ्याला पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने बसवायची. एकदा एक कॅमेरा रात्रभर बर्फात पुरून ठेवला. का, तर सकाळी चालतो का ते बघायला. चालला नाही. फिल्म धुवायची ती कॉफीत. हसू नका, कॉफीची पूड आणि धुण्याचा सोडा कालवून फिल्म धुता येते, मी पाहिलंय. त्याची बायको सिर्का आम्हाला दारातच विचारायची, "कॉफी तुम्ही पिणार, की तार्मोचे फोटो पिणार? डबा एकच आहे." हौसेला मोल नसतं म्हणतात, पण त्या हौसेबरोबर संसार करणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही.

त्यातला एक प्रयोग नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बिअरचा रिकामा डबा घ्यायचा. त्याला सुईने बारीक भोक पाडायचं, आत फोटोचा कागद गुंडाळून घालायचा आणि डबा झाडाला घट्ट बांधून विसरून जायचं. उन्हाळ्यात, जूनच्या सणाला बांधायचा तो थेट नाताळच्या सुमारास काढायचा. सहा महिने उजेड त्या भोकातून आत झिरपत राहतो. सूर्य रोज ज्या वाटेने गेला त्या सगळ्या वाटा कागदावर रेघांनी उमटतात. घर उमटतं, झाड उमटतं, काठावरचा दगड उमटतो. माणूस मात्र उमटत नाही. समोरून दिवसातून शंभरदा जा, तासभर तिथे उभे राहून गप्पा छाटा, कागदावर तुमचा मागमूस नसतो. डब्याला घाई नाही. जो महिनोन्महिने जागचा हलत नाही, तोच त्याला दिसतो.

तर गेल्याच्या गेल्या वर्षीची चोवीस डिसेंबर. नाताळची आदली संध्याकाळ. संध्याकाळ म्हणायची आपली एक रीत, दुपारी तीनला सूर्य बुडाला होता. तार्मोला दोन डबे काढून आणायचे होते. एक होडीच्या खोपटाच्या भिंतीवर, एक काठावरच्या पाइनवर. दोन्ही डबे तळ्यात शिरलेल्या त्यांच्या लाकडी धक्क्याकडे तोंड करून लावलेले. तो शिडी घेऊन गेला, आणि सिर्काला कबरस्तानात मी माझ्या गाडीतून घेऊन गेलो.

तिचा थोरला भाऊ आउलिस त्याच उन्हाळ्यात गेला होता. पहिलाच नाताळ. कबरींवर सगळीकडे मेणबत्त्या, अख्खं गाव आलेलं, आणि सिर्काला काही तिथून उठवेना. मीही घाई केली नाही. परतताना गाडीत तिने मला विचारलं, "तो इतका वेळ तिथे उभा का राहिला असेल रे?"

हा प्रश्न तिने त्या सहा महिन्यांत सगळ्यांना विचारला होता. मला, दुकानदाराला, पाद्रीबाबांना. आउलिस जूनच्या सणाच्या संध्याकाळी त्या धक्क्याच्या टोकाशी कितीतरी वेळ नुसता उभा होता. हाक मारली तरी वळला नाही. मग केव्हातरी तो तिथे नव्हता, आणि शोधायला गेले तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात पालथा सापडला. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते सिर्काने मान्य केलं होतं. पण छातीत दुखत असेल तर माणूस बसतो, ओरडतो, घराकडे येतो. हा उभाच का राहिला?

"तुझा भाऊ हट्टी होता," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

घरी सोडलं तेव्हा मिट्ट काळोख होता. दारातलं त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडलं.

"सौना तापलाय ना?" सिर्काने विचारलं.

तार्मोच्या दोन्ही हातांत डबे. "आत्ता घालतो लाकडं."

"आत्ता? तार्मो, बाहेर बघ जरा."

"काळोख झाला तर झाला. दगडांना काय घड्याळ कळतं?"

"दगडांना नाही कळत. बाकीच्यांना कळतं," असं म्हणून ती आत गेली.

तुमच्या हेलसिंकीत इमारतीच्या तळघरातल्या सौनाला, त्या वाफेच्या न्हाणीघराला, विजेचं बटण असतं, तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. नाताळच्या आदल्या दिवशी सौना उजेडातच उरकायचा असतो. अंधार पडला की तो आपला राहत नाही. आमचे वडील शेवटी तापल्या दगडांवर भांडंभर पाणी ओतायचे, दार ओढून घ्यायचे आणि घराकडे येताना मागे वळून बघायचे नाहीत. कुणासाठी ओतलंत, असं विचारायची आमची छाती नव्हती. आता हे कोण पाळतं म्हणा. तार्मो तर मुळीच नाही. तो म्हणजे पुढचं पाठ, मागचं सपाट. सकाळी लाकडं घालायची हे डब्यांच्या नादात साफ विसरला होता, आणि विसरण्याची ही त्याची पहिली वेळ नव्हती.

लाकडं पेटवून तो खोलीत येऊन बसला. दगड तापायला वेळ होता. डब्यातला तो कागद धुवायचा नसतो, स्कॅनरवर ठेवून त्याचं चित्र उचलायचं असतं. आणि त्यातही संधी एकच, कारण स्कॅनरचा उजेड लागला की मूळ कागद तिथल्या तिथे काळवंडायला लागतो. त्याने खोपटावरचा कागद ठेवला, झाकण लावलं, पट्टी सरकली, आणि संगणकाच्या पडद्यावर चित्र हळूहळू वरून खाली उतरायला लागलं.

आधी आकाश आणि सूर्याच्या वाटा, एकीखाली एक. मग पलीकडच्या काठाचं जंगल. मग पाणी. मग धक्का.

आणि धक्क्याच्या टोकाशी एक माणूस.

तार्मो आधी हसला. खांब असेल, कागदावर डाग पडला असेल. चित्र मोठं केलं. खांबाला खांदे नसतात. डागाला टोपी नसते.

त्याने दुसरा कागद ठेवला, पाइनवरचा. तो डबा त्याच धक्क्याकडे पण बाजूने बघत होता. पट्टी सरकली. आकाश. जंगल. पाणी. धक्का. तोच माणूस, आता बाजूने. ताठ. हात अंगालगत. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली.

आउलिसने तीस वर्षं लाकडं वाहणारा ट्रक चालवला होता, डावा कोपर कायम खिडकीबाहेर टेकलेला. त्या खांद्यावरून तो गर्दीतही ओळखू यायचा.

त्याला ठाऊक होतं, ह्या डब्यात माणूस येत नाही. यायचा असेल तर त्याला पाऊस, वारा, बर्फ अंगावर घेत रात्रंदिवस तिथे उभं राहावं लागेल. सबंध उन्हाळा. सबंध शरद. आत्तापर्यंत.

आणि तो का उभा आहे, हे साऱ्या जगात एकट्या तार्मोला माहीत होतं.

जूनच्या त्या संध्याकाळी त्याने नवा आणलेला जुना कॅमेरा बाहेर काढला होता, भात्याचा, तीन पायांच्या घोडीवर ठेवायचा. आत फिल्मऐवजी कागद घातलेला. असल्या कागदाला उजेड पचायला वेळ लागतो, म्हणून समोरच्या माणसाने दोन-तीन मिनिटं दगडासारखं उभं राहायचं. आउलिसला त्याने धक्क्याच्या टोकाशी उभं केलं. आउलिसची बडबड चालूच. "माझा फोटो काढून तुझा कॅमेरा बिघडेल, मग सिर्का मला घरात घ्यायची नाही."

"तोंड बंद. मी 'झालं' म्हणेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही."

"आणि तू म्हणालाच नाहीस तर?"

"तर उभा राहा जन्मभर. गावाला तेवढीच शांतता."

आउलिस गप्प झाला आणि उभा राहिला. तार्मोने मनात आकडे मोजले, भिंगावर टोपण घातलं. त्या जुन्या पेटीच्या फटींतून उजेड शिरेल अशी त्याला धास्ती होती. जूनमध्ये इथे मध्यरात्रीही काळोख नसतो, सगळ्या आवारात काळोखी जागा एकच, बटाट्यांचं तळघर. कागदाची चौकट बगलेत मारून तो तिकडे धावत सुटला. खाली लाल दिव्यात कागद धुवत बसला.

'झालं' म्हणायचं राहून गेलं.

वर अंगणात सिर्का भावाला हाका मारत होती, सौना तापलाय, ये. तो हलला नाही. सगळ्यांना वाटलं, सोंग करतोय. होताच तसा. पैज लागली तर हिवाळ्यात बर्फ फोडून तळ्यात बसणारा माणूस. "राहू दे उभा," कुणीतरी म्हणालं, "भूक लागली की येईल." पुढचं तुम्हाला सांगितलंच. छातीत कळ आली असेल तेव्हाही त्याने दात आवळून धरले असतील का? तार्मो सहा महिने रोज रात्री हेच स्वतःला विचारत होता. सिर्काला सांगायची मात्र त्याची हिंमत झाली नाही. ती विचारायची, तो इतका वेळ उभा का राहिला, आणि हा खिडकीबाहेर बघायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आउलिसची मेल्यावरही गेली नव्हती.

"मी चाललेय सौनात," स्वयंपाकघरातून सिर्काचा आवाज आला. "येतोयस, की त्या डब्यांशीच लग्न लावतोस?"

तार्मोने पडदा झटकन मिटला. "तू हो पुढे. आलोच."

मागचं दार वाजलं. बर्फावर तिची पावलं, मग सौनाचं दार. सौना घरापासून जरासा दूर, धक्क्याकडे जाणाऱ्या वाटेला लागूनच. त्याच्या इवल्याशा खिडकीत तिने कंदील ठेवला.

तार्मो उठला. कोट चढवला आणि गळ्यात डिजिटल कॅमेरा अडकवला. कॅमेरा कशाला, असं मी त्याला नंतर विचारलं. म्हणाला, रिकाम्या हातांनी जायचा धीर होईना. त्याच्या डोक्यात एवढंच होतं, एक शब्द द्यायचा राहिलाय, तो देऊन टाकायचा. सुटेल बिचारा. आणि सिर्काला काही कळायला नको.

बाहेर अंग चिरणारी थंडी. वारा नाही. तळं दोन आठवड्यांपूर्वी गोठलेलं, वर ताजा बर्फ. घराचे दिवे मागे पडले तसं पुढचं काही दिसेना. धक्क्याच्या सुरुवातीला तो थांबला. फळ्यांवर पाय ठेवायची छाती झाली नाही.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबलं. फ्लॅश उडाला.

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं. धक्का रिकामा. फळ्यांवर हातभर बर्फ, सपाट, कुणाचं पाऊल नाही. माणूस नाही. तार्मोने श्वास सोडला. म्हाताऱ्या, स्वतःशी म्हणाला, तुझा कागद खराब, तुझे डोळे खराब.

मग त्याने चित्र मोठं केलं.

टोकाच्या फळीवर बर्फात दोन खाचा होत्या. शेजारी शेजारी. लांबट. आत कोरडं लाकूड. दोन बुटांएवढी जागा, जिथे बर्फ पडलाच नव्हता.

काय म्हणायचं ते ठाऊक होतं. तो कुजबुजला.

"आउलिस... झालं."

काही नाही.

"झालं, आउलिस. झाला फोटो. हल आता."

तळ्याच्या मध्यावर बर्फ कण्हला. थंडीत तो कण्हतो, तुम्ही ऐकलंय. लांबून सुरू झालेला तो आवाज काठाकडे येत गेला, धक्क्याखाली आला... आणि थांबला.

तार्मोने पुन्हा बटण दाबलं. फ्लॅश.

पडद्यावर एकच खाच. दुसरी बर्फाने भरलेली.

पुन्हा. फ्लॅश.

एकही नाही.

तो तसाच उभा. धक्क्याची फळी करकरली नाही. काहीच वाजलं नाही. फक्त गालाला गारवा लागला, जवळून कुणी जावं तसा. गार, आणि ओला. तळ्याच्या पाण्याचा वास. जूनमधल्या, कोमट पाण्याचा.

मग त्याला वाटलं, सुटला. खरंच सुटला. मनावरचा धोंडा उतरला होता. तो घराकडे वळला.

समोरून येणाऱ्या दिव्यांच्या उजेडात वाटेवर त्याच्या येण्याच्या खुणा दिसत होत्या. घराकडून धक्क्याकडे.

त्यांच्या शेजारी दुसऱ्या होत्या. धक्क्याकडून... तिकडे.

त्याने वाकून हात लावला. प्रत्येक खुणेत पाणी होतं. इतक्या थंडीत, न गोठलेलं पाणी.

खुणा घराकडे जात नव्हत्या. अर्ध्या वाटेवर वळत होत्या. कंदिलाकडे.

त्या जूनमध्ये सिर्काने भावाला हाक मारली होती. सौना तापलाय, ये.

तार्मो धावला. गुडघाभर बर्फात, पडत, उठत. तेवढ्यात पुढे सौनाचं दार वाजलं. उघडलं... लागलं. तो दाराशी पोचला. आतून दगडांवर पाणी पडल्याचा फुस्स आवाज आला. आणि सिर्काचा. अगदी साधा, रोजचा.

"बास, किती ओततोस. बस आता इथे."

तार्मोने दार ओढलं. उघडेना. सौनाच्या दाराला आतून कडी नसते, तुम्हाला माहीत आहे. तरी उघडेना.

आत कुणीतरी काहीतरी बोललं. जड, घोगरा आवाज. शब्द कळले नाहीत. मग सपासप असा आवाज, सौनात अंगावर ओल्या फांद्यांची जुडी मारून घेतात तसा. आणि सिर्का हलकेच हसली.

"सिर्का..."

आतला आवाज थांबला.

"सिर्का. दार उघड."

मग सिर्का म्हणाली, "कोण आहे?"

"मी. तार्मो."

आत दगड तडतडले.

"तार्मो?" ती म्हणाली. आता आवाज बारीक. "तू बाहेर आहेस?"

"हो."

"मग..."



कंदील विझला.

तार्मोने दोन्ही हातांनी दार ओढलं, आणि या वेळी ते सहज उघडलं, जसं काही कधी अडकलंच नव्हतं. वाफेचा लोट बाहेर आला. त्या वाफेतून काहीतरी त्याच्या अंगावरून गेलं, पण वाफ गरम होती आणि ते... गार. त्याने वळून पाहिलं नाही. का नाही, ते त्यालाही सांगता येत नाही.

सिर्का वरच्या बाकावर होती. एकटी. बाकाच्या एका कडेला सरकून बसलेली, शेजारी एका माणसाची जागा सोडून. दोन्ही हात तोंडावर. तार्मोने तिला टॉवेलात गुंडाळून खाली उतरवलं आणि घरात आणलं. त्याने बर्फाकडे पाहिलं नाही आणि तिला पाहू दिलं नाही.

स्वयंपाकघरात, चुलीशी, तिला कंठ फुटला. तार्मोकडे न बघता म्हणाली, "वाफेत नीट दिसलं नाही, मला वाटलं तूच आलास. मी म्हटलं, इतका उशीर का केलास. तर म्हणाला, त्याने सांगितलंच नाही मला."

तार्मोने चुलीत लाकूड सारलं.

"वाफेने घसा बसलाय तुझा, असं वाटलं मला." मग तिने वर पाहिलं. "कुणी सांगितलं नाही, तार्मो? काय सांगायचं होतं?"

आणि तार्मोने सांगितलं. कॅमेरा, कागद, तळघर, सगळं. सहा महिने जे गिळलं होतं ते त्या टेबलाशी बाहेर आलं. सांगताना तो रडला, हे त्यानेच मला सांगितलं, लपवलं नाही. सिर्का ऐकत राहिली. ओरडली नाही, रडली नाही. घड्याळ टिकटिकत होतं, भट्टीतलं डुकराचं मांस करपत होतं, आणि कुणी उठलं नाही.

शेवटी ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्या हाकेला तो तुझ्यामुळे आला नाही."

"हो," तार्मो म्हणाला.

"मला वाटत होतं, माझ्यावर रागावला होता."

सहा महिने तिच्या मनात ते होतं आणि ह्या गाढवाला पत्ता नव्हता. चीड येते मला अजून. एका शब्दाने तिचा जीव शांत झाला असता.

तो नाताळ त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. ती त्याला सोडून गेली नाही. पण तार्मोचे फोटो बघायला ती नंतर कधी बसली नाही, आणि तार्मोनेही तिला कधी बोलावलं नाही. कॅमेरे त्याने सोडले नाहीत, व्यसन ते. डबे मात्र पुन्हा कधी बांधले नाहीत. ते दोन कागदही नाहीत, आणि चित्रं त्याने पुसून टाकली, तेव्हा मला 'दाखवा' म्हणू नका. आता कुणाचाही फोटो काढला की तो मोठ्याने दोनदा 'झालं, झालं' म्हणतो. मांजराचा काढला तरी म्हणतो. गावात पोरं हसतात. मी हसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, कारण सिर्काचे हातमोजे माझ्या गाडीत राहिले होते. तार्मोचा चेहरा बघून मी आदल्या रात्रीबद्दल विचारलं, आणि त्याने हे सगळं सांगितलं. मला काय वाटलं? मला वाटलं, म्हातारा घाबरला, बायको वाफेत गुंगली, संपलं. मी तसं बोललोही असतो.

सिर्का आतून एक बशी घेऊन आली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"रात्री तार्मोने माझ्या पाठीवरून काढलं," ती म्हणाली. "असली सबंध पाठीला चिकटली होती. एक ठेवलंय."

बशीत बर्चचं पान होतं. पोरांनो, मी पन्नास वर्षं सौनासाठी बर्चच्या जुड्या बांधतोय. वाळवलेलं पान कसं असतं मला कळतं, शीतपेटीत ठेवलेलं कसं होतं तेही कळतं. आणि त्या घरात त्या वर्षी जुडी बांधलीच नव्हती, कारण ती बांधायची जूनच्या सणाला, आणि त्या सणाला त्यांच्या घरात काय झालं होतं ते तुम्ही ऐकलंत. हे पान ताजं होतं. हिरवंगार, जूनच्या सणाला जुडीसाठी तोडतात तेव्हा असतं तसं लुसलुशीत. खिडकीबाहेर बर्च उभे होते, नुसत्या काड्या, बर्फाने वाकलेल्या.

मी बोटाने दाबून पाहिलं. देठाशी, जिथून तोडतात तिथे, ते अजून ओलं होतं.